पांढऱ्या साडीतली ती

हिंदी प्रेम-रहस्यपटातला नायक बहुधा शिकलेला असतो. डॉक्टर, वकील, नाहीतर डोंगरातल्या एखाद्या इस्टेटीवर नव्याने रुजू झालेला मॅनेजर. कपडे इस्त्रीचे, केस चापूनचोपून बसवलेले, बोलणं तर्काला धरून. आणि रात्री बाराच्या सुमारास लांबून बाईच्या गाण्याचा आवाज आला की हा शिकलासवरलेला गृहस्थ पांघरूण झटकतो आणि धुक्यात चालू लागतो. सोबत कोणाला घेत नाही, मागे दार लावून घेत नाही. वाटेत घोंगडी पांघरलेला म्हातारा रखवालदार भेटतो, कंदील वर करून ‘साहेब, तिकडे जाऊ नका’ म्हणतो, आणि साहेब जातात. जाणारच. साहेब घरी बसले तर पुढचे तीन तास आपण काय बघायचं?

मला हे सिनेमे मनापासून आवडतात. त्यांतली हवेली, वर्षानुवर्षं तेल न घातलेली बिजागरं, वाऱ्याने नेमकी हवी तेव्हाच विझणारी मेणबत्ती, शेवटच्या रिळात जीपमधून उतरणारे पोलीस, सगळं आवडतं. या आवडीचं समर्थन करता येत नाही आणि करायची गरजही मला वाटत नाही. चांगल्या घरातल्या लोकांना तंबाखूची सवय असतेच की.

माझी एक आत्या होती. टीव्हीवर असला सिनेमा लागला की ती पहिल्या अर्ध्या तासात शेवट सांगून टाकायची. “ती जुळी बहीण असते गं हिची,” एवढं म्हणून ती भाजी निवडायला घ्यायची. आम्ही पोरं चिडायचो, पण एकही उठून जायचं नाही. शेवटपर्यंत बघायचो. पुढच्या खेपेला तोच सिनेमा लागला तर पुन्हा बघायचो, आणि आत्याही भाजी बाजूला ठेवून बघायची. शेवट ठाऊक असलेला रहस्यपट माणूस पुन्हा पुन्हा का बघतो, हा खरं तर त्या सिनेमांतल्या कुठल्याही रहस्यापेक्षा मोठा प्रश्न. इंग्रजी रहस्यकथेत शेवटचं पान आधी वाचलं की पुस्तकात राम उरत नाही. इथे तसं होत नाही.

याचं कारण, मला वाटतं, या सिनेमांना खुनी कोण याच्याशी फारसं घेणं नसतं. खुनी बहुतेक वेळा एखादा चुलतभाऊ किंवा दिवाणजी निघतो, जमिनीच्या नाहीतर वारशाच्या भानगडीतला. त्याचा चेहरासुद्धा दोन दिवसांनी आठवत नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच आहे: ती कोण? जिच्या प्रेमात मी पडलोय, जिच्याशी मी लग्न केलंय, जिला मी या हातांनी अग्नी दिला, ती नक्की कोण? राज खोसला यांनी तर 1964 साली सरळ तोच प्रश्न सिनेमाचं नाव म्हणून दिला, ‘वह कौन थी?’. पुढे त्यातली नायिका साधना हिलाच घेऊन त्यांनी ‘मेरा साया’ आणि ‘अनीता’ काढले, आणि तिन्ही सिनेमांतला पुरुष तोच प्रश्न घेऊन वणवण फिरतो. ‘अनीता’ येईपर्यंत प्रेक्षकांनाही त्याची सवय झाली असावी. तो काही चालला नाही.

या सगळ्याची गंगोत्री म्हणजे ‘महल’. 1949. कमाल अमरोहींचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. अशोककुमार एका जुन्या वाड्यात राहायला येतो, भिंतीवर त्याला स्वतःसारख्याच दिसणाऱ्या माणसाची तसबीर सापडते, आणि रात्री गाणं ऐकू येतं. गाणारी मधुबाला, तेव्हा जेमतेम सोळा वर्षांची. ‘आएगा आनेवाला’ हे गाणं इतक्यांदा इतक्या ठिकाणी ऐकलंय की आपण आता ते ऐकतच नाही. एकदा फक्त त्याची सुरुवात ऐका. मुखडा सुरू व्हायच्या आधीच्या त्या ओळी लांबून येतात आणि हळूहळू जवळ सरकतात. तेव्हा स्टुडिओत आवाज दूर-जवळ करायची यंत्रं नव्हती. मग मायक्रोफोन ठेवला खोलीच्या मध्यावर, आणि विशीतल्या लता मंगेशकर कोपऱ्यात उभ्या राहिल्या. गात गात एकेक पाऊल पुढे यायचं, आणि मायक्रोफोनपाशी पोचायचं तेव्हाच मुखडा सुरू व्हायचा. हे लताबाईंनीच पुढे सांगितलंय. म्हणजे पडद्यावरचं भूत आपल्या दिशेने चालत येतंय असं जे वाटतं, ते खोटं नाही. कोणीतरी खरंच चालत येत होतं.

आणि खरी मजा पुढे आहे. सिनेमाची तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते मधुबालाच्या पात्राचं नाव. त्या काळी तशीच रीत होती. गाणं रेडिओवर वाजायला लागलं आणि लोकांची पत्रं यायला लागली, की ही कामिनी कोण? शेवटी रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी करून रेडिओवाल्यांना लताबाईंचं नाव जाहीर करावं लागलं. सिनेमाघरात अशोककुमार आवाजाच्या मालकिणीला शोधतोय आणि बाहेर अख्खा देश तेच करतोय, असा योग पुन्हा आला नाही.

मग लक्षात येतं की असला सिनेमा हिंदीतच का जमला. जिथे नटी स्वतःच्या आवाजात गाते तिथे आवाज आणि देह एकमेकांना बांधलेले असतात. आपल्याकडे ते आधीपासूनच सुटे. दिसते एक, गाते दुसरी, आणि आपल्याला त्याचं काही वाटत नाही. प्रत्येक हिंदी गाणं एका अर्थी झपाटलेलंच असतं. ‘वह कौन थी?’मधल्या ‘नैना बरसे’ची गोष्ट सांगितली जाते ती अशी: बाहेरगावी चित्रीकरणाची वेळ आली तरी लताबाईंच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण झालेलं नव्हतं, म्हणून संगीतकार मदन मोहन यांनी स्वतःच्या आवाजात गाणं भरून दिलं आणि त्यावर साधनाने ओठ हलवले. पांढऱ्या साडीतली, धुक्यातून चालणारी साधना, आणि भोंग्यातून भारदस्त पुरुषी आवाज! बघ्यांनी काय समजून घेतलं असेल कोण जाणे. सिनेमात भुताचा जेवढा थरार आहे त्याच्यापेक्षा मला हा प्रसंग जास्त विलक्षण वाटतो.

त्याच सिनेमातलं ‘लग जा गले’. हल्ली ते लग्नाच्या वाढदिवसाला, संगीताच्या कार्यक्रमात, हॉटेलात गिटारवर, कुठेही म्हटलं जातं. म्हणू देत, गाणं गोडच आहे. पण सिनेमात ते कोण कोणाला म्हणतंय? एक बायको नवऱ्याला म्हणतेय, आणि नवऱ्याला शंका आहे की ही बाई नसून भूत आहे. लग्नाच्या रात्री घुंगट वर केल्यापासून तो तिला टरकून आहे. ती बिचारी जवळ ये म्हणतेय आणि हा खांबाला धरल्यासारखा उभा. राजा मेहदी अली खान यांचे शब्द एवढे साधे आहेत की हा संदर्भ ठाऊक नसेल तर प्रेमगीत, आणि ठाऊक असेल तर अंगावर काटा.

मागे माझी भाची चार दिवस राहायला आली होती. तिला मी ‘मेरा साया’ लावून दिला. ती फोन मांडीवर घेऊन बसली, आणि गाणं लागलं की बोटाने पुढे ढकलायची.

“अगं, गाणी का गाळतेस?”

“मावशी, गाण्यात स्टोरी पुढे जातच नाही.”

तासाभरात तिने निकाल दिला, “जुळी बहीण असणार.” आत्याचंच रक्त. मी काही बोलले नाही. कथा अशी, की ठाकूर राकेश सिंग या वकिलाची लाडकी बायको गीता त्याच्या मांडीवर प्राण सोडते. त्यानंतर थोड्याच दिवसांत पोलीस दरोडेखोरांच्या टोळीतल्या एका बाईला पकडतात. हुबेहूब गीता. आणि ती म्हणते, मीच गीता. खटला उभा राहतो. मग भाची एकदम म्हणाली, “पण मावशी, नवऱ्याला स्वतःची बायको ओळखता येत नाही?”

हा प्रश्न मला आजवर सुचला नव्हता असं नाही, पण इतक्या रोकडेपणाने कोणी विचारला नव्हता. सुनील दत्तच्या हातात वकिलाचा काळा कोट आहे, पुरावे आहेत, साक्षीदार आहेत. समोर पिंजऱ्यात उभी असलेली बाई त्याला फक्त त्या दोघांनाच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगते. भर कोर्टात. शयनगृहातलं, रुसव्याफुगव्यातलं, एकेक. आजूबाजूला काळे कोटवाले, वर न्यायाधीश, मागे बघ्यांची गर्दी, आणि संसाराची घडी सगळ्यांसमोर उलगडत चाललेली. तो उलटतपासणी घेतो आणि त्याच्या चेहऱ्यावर दिसतं की तिचं प्रत्येक बरोबर उत्तर त्याला नकोसं होतंय. उत्तर चुकलं तर ती लबाड, आणि बरोबर आलं तर मग त्याने जाळली कोणाला? प्रेम-रहस्यपटात याहून भीतिदायक जागा मी पाहिलेली नाही. तिथे हवेली नाही की धुकं नाही. लख्ख उजेड आहे.

आता भाचीने गाळलेल्या गाण्यांकडे येते. ‘तू जहाँ जहाँ चलेगा’ लताबाईंचं. ‘नैनों में बदरा छाए’ लताबाईंचं. ही घरातल्या गीतेची गाणी. आणि बरेलीच्या बाजारात झुमका पाडणारी जी ठसकेबाज नाचणारी आहे, तिचं गाणं आशाबाईंचं. चेहरा एकच, साधनाचा. पण गळे दोन, आणि तेही सख्ख्या बहिणींचे! पडद्यावरच्या दोन बहिणींना पडद्यामागच्या दोन बहिणी. ज्याचा कान शाबूत आहे त्याला वकीलसाहेबांच्या कितीतरी आधी खटल्याचा निकाल लागलेला असतो. हे कोणी मुद्दाम केलं असेल असं मला वाटत नाही. सोज्वळ गाणं लताबाईंना आणि नखरेल गाणं आशाबाईंना ही तेव्हाची सर्रास वाटणीच होती, आणि त्या वाटणीबद्दल आशाबाईंचे चाहते (मी त्यांतली) आजही कुरकुरतात. पण उत्तर गाण्यातच ठेवलेलं होतं, आणि आमच्या बाईसाहेब नेमकं तेच बोटाने पुढे ढकलत होत्या. जाता जाता, तो झुमका बरेली शहराने एवढा मनावर घेतला की 2020 मध्ये तिथे हमरस्त्यावर चौदा फुटी झुमका उभारला. सिनेमातल्या पडलेल्या वस्तूचं एवढं मोठं स्मारक दुसरं ऐकिवात नाही.

आणि हे सगळं मुळात आपलं. ‘मेरा साया’ हा ‘पाठलाग’वरून घेतलेला. राजा परांजपे यांचा 1964 चा मराठी सिनेमा, काशिनाथ घाणेकर आणि भावना. कथा जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीची. त्या वर्षी राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीतला सर्वोत्कृष्ट तोच ठरला. हिंदीतल्या ‘तू जहाँ जहाँ चलेगा, मेरा साया साथ होगा’च्या जागी इथे गदिमांचं ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ आहे. संगीत दत्ता डावजेकरांचं, म्हणजे ज्यांनी 1947 साली लताबाईंना हिंदीतलं पहिलं पार्श्वगीत दिलं तेच. पण ‘पाखरे’ गायलंय आशाबाईंनी. म्हणजे मराठीत घरची बाई आशाबाईंच्या आवाजात गाते आणि हिंदीत गेल्यावर लताबाईंच्या. माझ्या कुरकुरीला तेवढंच बळ. शिवाय सावलीपेक्षा डोळ्यांची पाखरं मला केव्हाही जास्त आवडतात. सावली काय, उन्हात कोणाचीही मागे येते. मेलेल्या माणसाचे डोळे आपल्याभोवती फिरताहेत, ही कल्पना लाडकीही आहे आणि थोडी भयंकरही.

धुक्याबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ‘मधुमती’, 1958, बिमल रॉय. ‘महल’चं संकलन ज्यांनी केलं तेच हे बिमल रॉय, म्हणजे भुताशी त्यांची जुनी ओळख. कथा ऋत्विक घटकांची. वैजयंतीमाला मधुमती, माधवी आणि राधा अशा तीन रूपांत, आणि दिलीपकुमार प्रत्येक वेळी तिच्या मागे. नैनितालच्या बाजूला जाऊन चित्रीकरण झालं, परत येऊन फिल्म धुतली तर बरीचशी धुरकटलेली निघाली. पुन्हा तेवढ्या लांब जाणं परवडणारं नव्हतं. मग इगतपुरीच्या आसपास खोटी पाइनची झाडं उभी करून कुमाऊं तयार केलं. पावसाळ्यात कसारा घाट चढताना गाडीच्या खिडकीबाहेर ढग उतरलेले दिसले की मी शेजारच्यांना हे सांगितल्याशिवाय राहत नाही, आणि शेजारचे बहुधा वडा खाण्यात गुंग असतात. ‘आजा रे परदेसी’ ज्या दऱ्याखोऱ्यांतून घुमतं, त्यांतलं काही थोडं आपल्या सह्याद्रीचंही आहे. त्या गाण्याने लताबाईंना पार्श्वगायनाचं पहिलं फिल्मफेअर मिळालं.

‘मधुमती’चा शेवट मात्र मी सांगणार नाही. आत्यासुद्धा तो सांगायची नाही. एवढंच म्हणते, की तिथे आपण सगळे, नायकासकट, तिला ओळखल्याच्या आनंदात असतो.

भाचीच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. गाण्याशिवायही हे जमतं. यश चोप्रांचा 1969 चा ‘इत्तेफ़ाक’, एकही गाणं नाही. पावसाळी रात्र, एक घर, वेडाच्या भरात पळून आलेला राजेश खन्ना आणि घरात एकटी नंदा. आता गाणं नाही म्हणजे या बाईची वकिली करायला कोणी नाही. गाणं हे शेवटी तेच करतं, बाईबद्दल शंका यायला लागली की तिच्या बाजूने उभं राहतं. तरी आपण नंदावर विश्वास टाकतो, कारण तोवर बहीण, वहिनी, सोशिक मुलगी अशा भूमिका करून मास्टर विनायकांच्या या लेकीने आपला विश्वास आधीच कमावून ठेवलेला असतो. दिग्दर्शकाने गाण्याचं काम तिच्या चेहऱ्याकडून करून घेतलं. सिनेमा चोख आहे, पण मी तो पुन्हा पुन्हा बघत नाही.

नव्वदीत सगळंच उलटं झालं. ‘बाज़ीगर’ आणि ‘डर’ एकाच वर्षी, 1993 मध्ये आले, आणि आता प्रश्न ‘तो कोण’ झाला. प्रेम करणाराच घातकी. ‘गुप्त’ने 1997 मध्ये पुन्हा काटा बाईकडे फिरवला आणि काजोलला खलनायकीचं फिल्मफेअर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली बाई. हे सिनेमे वेगवान आहेत, गाणी झकास आहेत, पण गाणं आणि गुपित यांची तिथे फारशी ओळख नसते. गाण्यात परदेश दिसतो. रहस्य तोवर विमानतळावर बसून असतं.

तो धागा मला सापडला तो पार 2018 मध्ये, पुण्यात घडणाऱ्या ‘अंधाधुन’मध्ये. आयुष्मान खुराना आंधळा असल्याचं सोंग करणारा पियानोवादक. तो एका फ्लॅटमध्ये पियानो वाजवतोय, आणि त्याच्या डोळ्यांदेखत, त्याला दिसत नाही अशा समजुतीने, एक प्रेत हलवलं जातंय. सूर एकदाही थांबत नाही. फरशी पुसली जाते, बोटं चालूच. शेजारीण दाराबाहेरून ऐकेल तर तिला वाटेल, काय छान रियाज चाललाय. जुन्या नायकांना डोळे होते आणि बायको ओळखता येत नव्हती; याला सगळं लख्ख दिसतंय आणि न दिसल्याचा अभिनय करत सूर सांभाळायचाय. मृत माणूस कोण, तर जुन्या जमान्यातला एक हिंदी सिनेमातला नट, स्वतःचीच गाणी बघत बसणारा. श्रीराम राघवन यांनी ही थट्टा कोणाची केली, तर माझ्यासारख्यांची.

भाचीला हा सिनेमा पाठ आहे. पियानोच्या प्रसंगात ती म्हणाली, “हे नाही पुढे ढकलता येत.” मी म्हटलं, “बघ.” ती म्हणाली, “बघ काय, ते गाणं कुठाय, तो सीन आहे.” यावर आमचं जेवणाचं ताट वाळेपर्यंत भांडण झालं, आणि ते अजून मिटलेलं नाही. दिवाळीत ती पुन्हा येतेय. ‘महल’ लावणार आहे. फोन तिचा, पण तो माझ्या हातात राहील.